घसरगुंडीवर वाळत घातलेलं घोंगडं

॥ श्री ॥

बारामती,
५ मे १९९६

श्री. रा. रा. तात्याबा यांस, दादासाहेबांचा सप्रेम नमस्कार वि. वि.

चि. छकुली सुखरूप पोचली. आल्या आल्या तिने आजीला विचारले की तुमची मेंढरं कुठं बसतात. कॉलनीतल्या बायका अजून हसताहेत. असो, नात आपली तशी माझीही आहे, म्हणून मीही हसून घेतले.

कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी कॉलनीच्या बालोद्यानाचे काम अंगावर घेतले, हे आपण जाणताच. जिथे वेड्या बाभळी आणि उकिरडा होता तिथे आज हिरवळ आहे, झोपाळे आहेत, घसरगुंडी आहे, कारंजे आहे. कारंजे पाहुणे आले की सोडतो. यंदा समितीने मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले आहे. रोज सकाळी खो-खो, लेझीम, मातीकाम, पोहणे आणि नाच. छकुलीचे नाव मी पहिल्याच दिवशी घातले. ती घसरगुंडीवर खालून वर चढते. शिबिराचे सर म्हणाले, मुलगी धीट आहे पण वळण नाही. वळण आम्ही लावू. आपल्याकडे बांधावर हिंडण्यातच तिची सुट्टी गेली असती.

सव्वीस तारखेला सकाळी समारोप आहे. मुलींचा धनगरी नाच बसवला असून आपली नात त्यात पुढे आहे. आमचा मुलगा सूरज तिला न्यायला आला तेव्हा आपल्याकडचे एक जुने घोंगडे घेऊन आला. आपण शेतावर होता, त्यामुळे विचारायचे राहिले. व्यासपीठावर पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली अंथरायला ते छान दिसेल.

आमच्या प्रतिक्षाला जूनअखेर सातवा लागेल, तेव्हा सूरज तिला घेऊन येईल. छकुलीच्या वेळी किती रक्त गेले ते आपल्याला आठवत असेल. दुसरे बाळंतपण बारामतीतच, त्यांच्या हाताखाली व्हावे, असे डॉक्टरांनी तेव्हाच बजावले आहे.

लोभ आहे, तो वाढावा.

आपला,
दादासाहेब

॥ बिरोबा प्रसन्न ॥

बावडा,
९ मे १९९६

रा. रा. दादासाहेब यांस, तात्याबाचा नमस्कार वि. वि.

पत्र वाचले. परत वाचले. शिबिराचं राहू द्या बाजूला.

ते घोंगडं जुनं नाही, देवाचं आहे. आमच्या देवघरापुढच्या दांडीवर ते असतं. माझ्या वडिलांनी कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर बाजूला काढून ते विणून घेतलं. वर्षातून एकदा, पाऊस लागायच्या आधी जागर होतो, तेव्हा ते अंथरतो, त्यावर देव बसतो आणि भंडारा उधळतो. एरवी पायताण घालून त्याच्याजवळून कोणी जात नाही. त्यावर आपण पाहुण्यांचे बूट ठेवणार.

सूरज पोरसवदा आहे. सूनबाईने त्याला नको म्हणून सांगितलं होतं, त्यानं हसण्यावारी नेलं. पण आपण? आपले वडील आणि माझे वडील एका तळावर मेंढरं बसवत. कोऱ्हाळ्याच्या शिवारात दोघांनी एका तव्यावरची भाकरी खाल्ली. आपल्याला देवाचं घोंगडं ओळखू आलं नाही? भंडाऱ्याचा वास तरी आला असेल. का खुर्चीवर बसून बसून नाकही बदललं?

आपली बाग मी मागे पाहिली आहे. हिरवळीवर चालू नये अशी तिथं पाटी आहे. गवतावर पाय ठेवायचा नाही, आणि पोरांना पळायला शिकवायला सर ठेवायचे. आमच्या बांधावर सर नाहीत, पण पोरं पळतात.

जागर जूनच्या पहिल्या रविवारी आहे. त्याआधी आपण स्वतः घोंगडं आणून द्यावं. पिशवीत कोंबून नाही. रीतीप्रमाणे डोक्यावर घेऊन, बावड्याच्या स्टँडपासून आमच्या वस्तीपर्यंत अनवाणी. तसं केलंत तर सूनबाईला पाठवू. नाहीतर दुसरं बाळंतपण सासरी करायची रीत आहेच.

लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

तात्याबा

॥ श्री ॥

बारामती,
१३ मे १९९६

श्री. तात्याबा यांस, स. न. वि. वि.

आपले पत्र शेजाऱ्यांनी वाचले नाही हे नशीब. साठी उलटलेल्या माणसाने बावड्याच्या बाजारपेठेतून डोक्यावर घोंगडे घेऊन अनवाणी चालायचे, असे आपले म्हणणे आहे. मी मुलगी दिली आहे, स्वतःला दिलेले नाही.

घोंगड्याची काळजी नसावी. ते आले तेव्हा हळद, धूर आणि उंदराच्या लेंड्या यांनी भरलेले होते. मुलांच्या कार्यक्रमात असली वस्तू कशी ठेवायची? मी ते माळ्याकडून गरम पाण्यात, धुण्याची पावडर टाकून, चांगले तुडवून धुऊन घेतले. पाणी किती तरी वेळ पिवळे निघत होते. मग घसरगुंडीवर वाळत घातले. थोडे आटले आहे, पण स्वच्छ झाले. आपल्याकडून आले त्याहून चांगल्या स्थितीत परत मिळेल, याबद्दल आभाराची अपेक्षा नाही.

माझ्या वडिलांची मेंढरे आपण काढलीत. काढा. त्यांनीच मला शिकवले की मुलांना या धुळीतून बाहेर काढ. मी काढले. आपण छकुलीला परत त्यातच घालणार असाल तर मला बोलावे लागेल.

प्रतिक्षाच्या बाळंतपणाची आपण घोंगड्याशी अदलाबदल करता, याचे आश्चर्य वाटते. तिला ठेवायचे तर ठेवून घ्या. पण काही कमीजास्त झाले तर माझ्या दारात येऊ नका.

कळावे. लोभाचे आपण पाहाल तसे.

दादासाहेब

॥ बिरोबा प्रसन्न ॥

बावडा,
१७ मे १९९६

दादासाहेब यांस,

धुतलं? पावडर टाकून धुतलं?

माझ्या बापानं उधळलेला भंडारा त्यात होता. माझ्या चुलत्यांचा होता. मी त्यावर लहानाचा मोठा होत भंडारा उधळला. ते सगळं तुमच्या गटारात गेलं आणि तुम्ही मला स्वच्छता सांगता. ही चूक मुंबईच्या माणसानं केली असती तर मी हसलो असतो. तुम्ही धनगराच्या पोटी जन्मला आहात.

छकुलीचं शिबिर पुरे झालं. भीमा तिला आणायला येतो आहे. त्याला बसा म्हणायची गरज नाही, तो बसणार नाही. आणि सूनबाई जूनमध्ये येणार नाही, दिवाळीला येणार नाही, पंचमीला येणार नाही. माहेर म्हणून तिनं आता बावड्याकडंच बघावं.

लोभाचा विषय नको.

तात्याबा

॥ श्री ॥

बारामती,
२१ मे १९९६

तात्याबा यांस,

आपला मुलगा आणि माझा जावई भीमा काल आला. लेझीम चालू असताना तो बागेच्या मधोमध, हिरवळीवरून, चपला घालून चालत गेला आणि छकुलीचा दंड धरून तिला घेऊन गेला. पन्नास मुले आणि त्यांचे आईबाप पाहत होते. शिबिराची पिवळी टोपी तिच्या डोक्यावर तशीच राहिली. पोर रडत होती हे तरी त्याने आपल्याला सांगितले का?

तो जावई म्हणून मी काही बोललो नाही. आता बोलतो. घोंगडे बागेच्या सामानाच्या खोलीत, जाळ्या आणि लेझिमांशेजारी, कुलपात आहे. ज्याला हवे असेल त्याने दिवसा यावे, समितीच्या वहीत सही करावी आणि घेऊन जावे. अनवाणी आला तरी हरकत नाही, बागेत पाय धुवायला नळ आहे.

प्रतिक्षा माझी मुलगी आहे. आपण तिला अडवलेत तर मी चार माणसे घेऊन येईन.

दादासाहेब

॥ श्री ॥

बारामती,
२७ मे १९९६

तात्याबा यांस, स. न. वि. वि.

काल समारोप उत्तम झाला. आणि आपण छकुलीला पाठवलेत, हेही उत्तम झाले. मी पाहुण्यांशेजारी बसलो होतो, पडदा सरकला तो आपली नात पहिल्या ओळीत. भीमाने आणून सोडले असणार. माझ्यासमोर यायचे धैर्य त्याला झाले नाही, नाच संपताच दोघे पसार झाले. चालायचेच.

चूक कळली की माणूस असाच गुपचूप वागतो. मी मोठ्या मनाने ती पोटात घालतो. आपल्या संस्कृतीचे जतन या विषयावर मी चार शब्द बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण असता तर बरे वाटले असते.

सूरजला केव्हा पाठवू ते कळवा. आपण नमते घेतले आहे, तेव्हा मी ताणत नाही.

पूर्वीचा लोभ परत सुरू करावा.

आपला,
दादासाहेब

॥ बिरोबा प्रसन्न ॥

बावडा,
२८ मे १९९६

रा. रा. दादासाहेब यांस, नमस्कार वि. वि.

मी दोन दिवस नरसिंहपूरला लग्नाला गेलो होतो. आलो तो घोंगडं दांडीवर. आमच्या मंडळींना विचारलं तर म्हणाल्या की ज्याचं काम त्यानं केलं. मी काय समजायचं ते समजलो. मी नसताना आलात, अनवाणी आलात म्हणजे झालं. समोर यायची लाज वाटली असेल. वाटायलाच पाहिजे होती.

घोंगडं आटलं आहे, साबणाचा वास येतो. देव बसेल की नाही ते देवच ठरवील. पण तुम्ही वाकलात, त्यामुळं माझा राग अर्धा गेला. उरलेला अर्धा ठेवतो, लागेल.

सूनबाईला पाठवायचं मी बघतो. सध्या ती पाय दुखतात म्हणून बसून आहे. आजकालच्या पोरींना एवढ्यातेवढ्यानं होतं.

लोभ थोडा थोडा असू द्या.

तात्याबा

कोऱ्हाळे बुद्रुक,
४ जून १९९६

ती. आबा आणि ती. मामंजी यांस, प्रतिक्षाचा शि. सा. न.

हेच पत्र मी दोनदा लिहिले आहे. एक बारामतीला टाकते, एक बावड्याला. कमीजास्त काही नाही, त्यामुळे कोणाला काय लिहिले हे शोधत बसू नका.

आबा, मामंजी वाकले नाहीत. मामंजी, आबा आले नाहीत. आलीगेली ती मी.

सव्वीस तारखेला मामंजी लग्नाला गेले होते. मी आत्याबाईंना सांगून पहिल्या एस.टी.ने छकुलीला घेऊन बारामतीला आले. पंधरा दिवस नाच शिकलेली पोर, तिला नाचायचे होते. तिला ओळीत उभे केले आणि मी मागे झोपाळ्यांपाशी थांबले. आबा, तुम्ही संस्कृतीवर बोलत होता तेव्हा मी तुमच्या समोरच होते. तुम्ही मला पाहिले नाही. मला सहावा आहे, मी काही लपण्यासारखी राहिलेली नाही. आईने पाहिले. सामानाच्या खोलीची किल्ली तिनेच आणून दिली. वहीत मी सही केली नाही.

बावड्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपार होती. चपला छकुलीच्या हातात दिल्या, घोंगडं डोक्यावर घेतले आणि वस्तीपर्यंत चालत गेले. मला माहेरी पाठवायचे की नाही ते यावर ठरणार होते ना, म्हणून. डांबर कुठे कुठे वितळले होते. लोक विचारत होते, मी चालत राहिले. आत्याबाईंनी तळव्यांना तूप लावले. त्यांचे म्हणणे असे की आमच्या म्हाताऱ्याला काय बी सांगू नगं, त्येला वाटू दे व्याही वाकला, म्हंजी तुझी वाट मोकळी हुईल. मी गप्प राहिले. मग २७ तारखेचे आणि २८ तारखेचे अशी दोन पत्रे मी वाचली. आबांचे वस्तीवर आले ते, आणि मामंजींनी माझ्याकडे पोस्टात टाकायला दिले ते. दोघेही जिंकले होते. त्यानंतर मला गप्प राहवले नाही.

मामंजी, घोंगडं धुतलं गेलं याचे मला तुमच्याइतकेच वाईट वाटले. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या कपाळाला पहिला भंडारा त्याच घोंगड्यावरून लागला होता. तुम्ही एकदा तरी विचारायचे की सूनबाई, तुला काय वाटले. आबा, तुम्ही लिहिलेत की काही कमीजास्त झाले तर माझ्या दारात येऊ नका. ते कमीजास्त म्हणजे मी. मामंजी वाचत होते आणि मी चहा घेऊन उभी होते. त्यांनी ते मोठ्याने वाचले.

मला तुमचा दोघांचा राग आला आहे. तो लवकर जाईल असे वाटत नाही.

परवा जागर झाला. देव बसला. पहाटे भीमा मोटरसायकलवर माझी ट्रंक घेऊन निघाला, मागून मी आणि छकुली एस.टी.ने आक्कामावशीकडे आलो. आक्काबाई माझी सख्खी मावशी, तीस वर्षे सरकारी दवाखान्यात नर्स होती. काल तिनेच मला बारामतीच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त कमी आहे, बाळ आडवे आहे, अजून फिरायला वेळ आहे असे ते म्हणाले. बाळंतपण त्यांच्याच हाताखाली होईल आणि बाळाला घेऊन मी इथेच येईन. बारामतीच्या घरी नाही, बावड्याला नाही. भीमाला हे मान्य आहे. बागेत छकुलीचा दंड धरला त्याची त्याला लाज वाटते, आणि ती त्याने तिला बोलून दाखवली. तुम्हा दोघांपेक्षा तो बरा निघाला.

छकुली काल विचारत होती की आपण कोणाशी भांडून इथे आलो. मी सांगितले, आपण भांडलो नाही. आपल्याला त्या भांडणात कोणी बोलावलेच नव्हते.

बाळ झाले की आई आणि आत्याबाई येतील, त्यांना मी कळवीन. तुम्हाला उत्तर लिहायचे असेल तर दोघांनी एका जागी बसून एकच लिहा, दोघांच्या सह्यांचे. वेगवेगळी आली तर मी फोडणार नाही.

प्रतिक्षा