वहिदाचा अर्धा फळा

मी, द्वारका कडूबा दांडगे, वय एकाहत्तर, संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर. शरीर थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते.

१. राहते घर माझी भाची सरू हिला मिळावे. दिवाणखान्यातला फळा काढून तिथे टीव्ही लावायचा तिचा विचार आहे, मला ठाऊक आहे. खुशाल लावावा.

२. पुस्तके महाविद्यालयाला द्यावीत. मात्र ज्या खोलीला वहिदाचे नाव दिले आहे, तिथे ठेवू नयेत.

याचे कारण लिहिणे भाग आहे. नकाशात लगतच्या गावांना एकच रंग नको. अशा सर्व रंगसंगतींतून एक निःपक्षपातीपणे निवडायची, हा माझा जन्माचा प्रश्न. कुठल्याही रंगसंगतीपासून निघायचे, चिठ्ठी काढल्यासारखा एकेका गावाचा रंग बदलत राहायचा; या बदलांच्या ओळीला आम्ही साखळी म्हणतो. आपण कुठून निघालो हे ती साखळी किती लवकर विसरते? मी उमेदीची वर्षे घालून त्याला जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतील, ती मर्यादा सिद्ध केली. ती बरोबर होती. पण इतकी मोठी, की तोवर संगणक गंजून जावा.

मग वहिदा, माझीच विद्यार्थिनी, चर्चासत्रात उठली. म्हणाली, "मॅडम, दोन साखळ्या सोबत सोडू. एक कुठूनबी निघालेली, दुसरी आधीच मुरलेली, म्हंजी सुरुवात विसरलेली. दोन्हीकडं गाव तेच, रंगाची चिठ्ठी तीच. एकदा जुळल्या की परत फुटत नाहीत. मग किती लवकर जुळतात, तेवढंच बघायचं ना?"

अर्ध्या फळ्यात काम संपले, मर्यादाही माझ्यापेक्षा कितीतरी लहान निघाली. रीत जुनीच होती, पण आमच्या साखळीला ती बसेल हे मला कधी सुचले नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत.

शोधनिबंधावर तिने माझे नाव आधी घातले. मी म्हटले, "काढ."

"का मॅडम? सवाल तर तुमचाच हाय."

"म्हणूनच काढ."

ती रडली. मला बरे वाटले. आजही वाटते.

३. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून वहिदा हैदर शेख हिलाच नेमते. सरू म्हणाली, "मावशी, तिलाच?" व्हय, तिलाच. माझा शब्द न् शब्द पाळणारे दुसरे कोणी मला दिसत नाही.

४. शोकसभेत वहिदाने माझ्या स्वभावाबद्दल चांगले बोलू नये. फळा मागवून माझी सिद्धता मांडावी, एकही पायरी न गाळता. ती संपेपर्यंत कोणालाही चहा देऊ नये.

हे मी वाचून पाहिले, मान्य आहे, म्हणून साक्षीदारांदेखत सही करते.

सही: द्वारका कडूबा दांडगे

साक्षीदार: बद्रीनाथ सांडू गायके (शेजारी)
जाहेदा कमरोद्दीन पठाण (डॉक्टर)

छत्रपती संभाजीनगर, ११ फेब्रुवारी २०२४