स्वयंपाकघरातल्या डब्याखालची खुर्ची

बाबा,

आईच्या छातीत दुखायला लागलं. तुम्ही गोठ्यात, दूध काढायच्या यंत्राच्या आवाजात, आणि फोन घरात. हाका मारून माझा घसा बसला. ॲम्ब्युलन्समधून तिला डुलुथच्या मोठ्या हॉस्पिटलात नेतेय. ऑपरेशनआधी डॉक्टर तुम्हाला फोन करतील.

बोलताना येरझारा घालू नका! आपल्याकडे मोबाइलची रेंज नाही, आणि एका वायफायच्या डब्याकडून दुसऱ्याकडे गेलात की कॉल तुटतो. लार्सकाका गेल्याचा फोन आला तेव्हा तुम्ही अर्धंच वाक्य ऐकलंत. म्हणून माडीवरचा आणि गोठ्यातला डबा मी माझ्या फोनवरूनच बंद केलाय. स्वयंपाकघरातल्या डब्याखाली खुर्ची ठेवलीय, तिथेच बसा. गाई हंबरल्या तर हंबरू देत.

आणि फोन माझा आला, नि मी काहीच बोलले नाही, तर लाइन तुटली समजून ठेवून देऊ नका. मी असेन.

सिग्रिड