डब्यातले दोन सूर

बाबा,

आठच्या गाडीने मी डेनपासारला जाते आहे. टोपलीखाली भात आणि केळफुलाची भाजी झाकून ठेवली आहे. सकाळचे फुलांचे द्रोण देवाला वाहिले आहेत, तुम्ही पुन्हा वाहू नका.

आज संध्याकाळी तिथल्या कार्यक्रमात वाजवायला नकार कळवते, असं मी काल म्हणाले होते; आता वाजवणार आहे. बिस्किटाच्या डब्यात बॅटरीवर चालणारं सुरांचं यंत्र तीन महिने खपून जोडलं, दोन्ही सूर मोजून सेकंदाला एकशे दहा कंपनांवर आणले, तरी आवाज निर्जीवच राहिला. तुम्ही डब्याला हात लावून एवढंच विचारलंत, "माश्या कोंडल्यास की काय यात?"

पहाटे यंत्र लावलं, तर सूर लाटेसारखा हलत होता. मोजलं, तर एक एकशे दहावर आणि दुसरा एकशे सोळावर. आपल्या गामेलानच्या ताफ्यातली काशाची वाद्यं जोडीजोडीने जुळवताना तुम्ही सांगायचात, "जोडीतलं एक जरा चढं ठेव पोरी, तंतोतंत जुळली की दोन्ही मुकी होतात." मी शाळेत ध्वनी शिकवते आणि नेमकं हेच विसरले.

ऐकू येणं बंद झाल्यापासून चार वर्षं तुम्ही एकाही वाद्याजवळ गेला नव्हता. रात्री झाकणावर तळहात ठेवून, लाटा मोजत तुम्हीच दुसरा सूर चढवलात ना? मी फार आभारी आहे, बाबा. समोर बसून हे मला बोलता आलं नसतं.

बॅटरी उतरू लागली की सूर सरकतात. तिथे ते जुळवायला मला तुमचा हात हवा. शेजारचा वायानदादा चार वाजता तुम्हाला न्यायला मोटारसायकल घेऊन येईल. नाही म्हणू नका.

सुकर्ती