एकाच नळीतले दोन रिपोर्ट

३ मार्च, सोमवार
एकाच जीवघेण्या आजाराच्या दोन चाचण्या, दादाचे दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह. दोन्ही! रक्त मीच काढलं होतं, छापील कागदही पहिल्यांदा माझ्याच हातात आला. बारा वर्षं लॅबच्या या खिडकीत बसते, कधी कुणाचा कागद दोनदा वाचला नाही. आज चारदा वाचला.

दादाच्याच दिवशी रक्त दिलेल्या शिवणवाल्या बाई आज स्वच्छ रिपोर्ट घेऊन हसत गेल्या. "आता निर्धास्त राहा हो!" मी म्हटलं. मनात आलं – हिचा चांगला, मग माझ्याच भावाचा असा का? लाज वाटली. पण आलं खरं.

४ मार्च
वहिनी एकच विचारत राहिली – "चुकतात ना गं मशीनं?" माझी लेक अकरावीत आहे, गणित पक्कं. तिनं कागद ओढला. निरोगी माणसांत पहिली चाचणी विसातल्या एकाला उगाच पॉझिटिव्ह दाखवते. दुसरी पंचवीसातल्या एकाला. दोन्ही एकाच माणसावर चुकण्याची शक्यता? "गुणाकार," म्हणाली. पाचशेत एक.

पाचशेत एक! कार्टीनं होती नव्हती ती आशाही घालवली. भाजी करपली, तशीच वाढली.

५ मार्च
दादा शांत आहे, त्याचीच जास्त भीती वाटते. "मुलांची कागदपत्रं लावून ठेवतो," म्हणाला.

६ मार्च
लेक आपणहून आली. "आई, मी एक गृहीत धरलं. दोन चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल तरच गुणाकार चालतो. ते तपासायला हवं." कसं? "मोजून!"

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत जुनं रजिस्टर काढलं. पुढे निरोगी ठरलेली हजार माणसं. पहिली चाचणी चुकलेले पन्नास, दुसरी चुकलेले चाळीस. चुकांचा संबंध नसता तर दोन्ही चुकलेले साधारण दोन निघायला हवेत. मोजले. पुन्हा मोजले. नऊ!

"म्हणजे संबंध आहे," लेक म्हणाली. "त्या नवांत सारखं काय?"

नऊच्या नऊ जणांच्या दोन्ही चाचण्या एकाच नळीतल्या रक्तावर झालेल्या. वेगळ्या नळ्या घेतलेल्यांत असा एकही नाही. नळीतच घोटाळा असला तर दोन्ही रिपोर्ट चुकणारच की! दुसरा रिपोर्ट नुसती पहिल्याची री ओढतो.

आणि दादाची? एकच नळी. सुईला घाबरतो, पन्नाशीचा बाप्या! "एकदाच टोच गं बाई," म्हणाला, मला दया आली.

८ मार्च
आणखी एक आठवलं. लिहायला धीर होत नाही. त्या दिवशी गर्दी होती, म्हणून मी लेबलं आधीच चिकटवून नळ्या ट्रेमध्ये मांडून ठेवल्या होत्या. तसं करू नये, एकाच्या नावाच्या नळीत दुसऱ्याचं रक्त जाऊ शकतं, अशी सूचना भिंतीवर आहे – माझ्याच अक्षरात!

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली. ते रागावले नाहीत, ट्रेकडे बघत राहिले. "भावाला बोलवा. दोन नळ्या घेऊ, दोनदा टोचून. लेबलं मी लावतो."

दादा आला. दोनदा टोचलं तरी हूं की चूं नाही.

९ मार्च
काही सुचत नाही. आज तीनदा दूध उतू घालवलं.

१० मार्च, सोमवार
दोन्ही निगेटिव्ह! दादा रडला, वहिनी रडली, मी दादाच्या पाठीत एक धपाटा घातला. पुन्हा सुईची नाटकं करशील तर बघ! लेक म्हणते, "मोजलं म्हणून कळलं." शहाणी माझी! आज पोटभर जेवलो सगळे.

११ मार्च
त्या नळीत दादाचं रक्त नव्हतं. मग कुणाचं होतं?

सकाळी रजिस्टर उघडलं. दादाच्या पुढचा नंबर शिवणवाल्या बाईंचा.

फोन लावला. मागे शिलाई मशीन चालू होतं. "बोला ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात ना, आठवडाभर छान झोपले बघा."