न चावलेला नान

नारीन, १४ एप्रिल

प्रिय सलतानत ताई,

सलाम. इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? जर्दाळू पोचले, गोड निघाले.

मी सध्या नव्या कामाला लागले आहे. जीव द्यायला निघालेल्या पोरापोरींना इथल्या तातडीच्या केंद्रात नेतात ना, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, आमची सेवा कशी वाटली? बारा प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण. पण आपली माणसं! दारी आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर वाईट कोण बोलणार? "लिही गं पाच, आणि आधी खा." वीस घरं झाली, सगळीकडे पाच. आमची साहेबीण म्हणाली, "हे अभिप्राय आहेत की लग्नाचा आहेर?"

काल विसाव्या घरी, तोक्तोबूबू आजींकडे गेले. नातीसाठी केंद्राची गाडी त्यांनीच बोलावली होती. त्यांचंही पाच-पाच झालं. मी उठले तर म्हणाल्या, "एक राहिलं बघ. घरातून निघणारं माणूस नान चावून जातं, उरलेला आपण ते परतेपर्यंत जपतो. तुमच्या लोकांनी तेवढंही थांबू दिलं नाही. दोन मिनिटं गं! पोरीला वाटलं, आजीला मी परत नकोच आहे."

मी ते लिहून घेतलं.

ताई, मी तुझ्याशी खोटं बोलले. आयझिरेक बिश्केकला शिकायला गेलेली नाही. फेब्रुवारीत तिलाही त्याच गाडीतून नेलं. गाडीतली बाई थांबायला तयार होती, नानही ताजा होता. मीच म्हटलं, "चला, चला, शेजारीण दूध काढून यायच्या आत."

माझी मला लाज वाटते.

ती आता सावरली आहे. रविवारी सोडतील. पण डॉक्टरांना म्हणते, मावशीकडे तोकमोकला जाईन, आईकडे नाही. म्हणून हे पत्र.

यादीतलं एकविसावं घर माझंच. आज सकाळी फॉर्म भरला. सेवेला पाच दिले, अगदी मनापासून. 'काय सुधारायला हवं?' या प्रश्नापुढे लिहिलं, आई.

तिला ठेवून घे. काही विचारू नकोस. तोकमोकला येणाऱ्या गाडीवाल्याबरोबर एक नान पाठवते आहे, आज पहाटे भाजलेला. तिच्यापुढे ठेव. चावला, तर उरलेला माझ्याकडे परत पाठव, मी जपून ठेवीन. नाही चावला, तर आग्रह करू नकोस, फक्त कळव. मी दुसरा भाजीन.

आयझिरेकची आई,
बुरुलकान