राखणदाराची ताटकळ

सॅन मटेओ, कॅलिफोर्निया
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय वेन्डल,

गुडघा कसा आहे? व्यायाम करतोस की नुसता फिजिओथेरपीवाल्या बाईशी गप्पा मारून येतोस? हकलबेरीचा जॅम पोचला. दोन बाटल्यांपैकी एक संपलीसुद्धा, आणि दुसरी मी स्वतःपासूनच लपवून ठेवली आहे. हँकला या दिवसांत रात्री बाहेर ठेवू नकोस. तो कुत्रा आहे, अस्वल नव्हे. माझी तब्येत ठणठणीत. एकाहत्तर वर्षांच्या बाईत काहीतरी बिघाड सापडायलाच हवा, असं माझ्या डॉक्टरला वाटतं, आणि तो सापडत नाही म्हणून तो बिचारा हिरमुसतो.

आता बातमी ऐक. आपला 'दीपगृहाचा राखणदार' संग्रहालयात चाललाय! हसू नकोस, आपण दोघं अजून चालतेबोलते आहोत. इथं जुन्या बेकरीच्या जागेत संगणकांचं छोटं संग्रहालय निघालंय. तिथं नऊ नोव्हेंबरपासून आपल्या जातीच्या खेळांचं प्रदर्शन आहे. चितारलेली बाहुली इकडून तिकडे उड्या मारते ते खेळ नव्हेत. खरी माणसं कॅमेऱ्यासमोर उभी करून केलेले, आपले. तुला निमंत्रण गेलंच असेल. तू येतो म्हणालास असंही कळलं.

संग्रहालय बघते ती बेथनी, तीस-बत्तीसची, हुशार, पण सगळं पन्नास शब्दांत हवं असतं तिला. मला म्हणाली, "भिंतीवर लावायला एक कार्ड लिहून द्या. हा खेळाचा प्रकार म्हणजे नेमकं काय?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"बटणं असलेला सिनेमा, नाही का?"

"बाई गं, बटणं तर लिफ्टलाही असतात."

मग बसले लिहायला. पहिल्या कार्डावर लिहिलं की खऱ्या माणसांचं चित्रीकरण आधीच करून ठेवायचं, त्याचे तुकडे सीडीवर घालायचे, आणि खेळणारा जे निवडेल त्याप्रमाणे पुढचा तुकडा लागतो. बरोबर आहे, पण बेचव. हे वाचून कुणाला काय कळणार? मी फाडून टाकलं.

दुसरं जरा बरं जमलं. बाकीच्या खेळांत संगणक चित्र तिथल्या तिथे काढतो, त्यामुळे बाहुली कुठंही जाऊ शकते. आमच्यात जे कॅमेऱ्यासमोर घडलं नाही ते घडूच शकत नाही. खेळणाऱ्यानं दार उघडायचं ठरवलं, तर कुणीतरी ते दार आधी खरोखर उघडलेलं असावं लागतं. त्यानं चुकीचं उत्तर दिलं आणि राखणदार मेला, तर कुणालातरी मरावं लागतं. तू चौदा वेळा मेलास, वेन. नवव्या मरणाला जिन्यावरून पडताना कंबर धरलीस, आणि मी ओरडले, "विव्हळणं छान आहे, तसाच पडून राहा!" काय बहीण मिळाली तुला!

लोक तेव्हा नाकं मुरडायचे. हा कसला खेळ, खेळणारा नुसता बघत बसतो, म्हणायचे. अरे, बघणं सोपं आहे का? समोर खरा माणूस उभा आहे, तुमच्या तोंडाकडे बघतोय, आणि आता काय ते तुम्ही ठरवायचंय. यापेक्षा अवघड खेळ मला दाखवा. हे मी पंचवीस वर्षांपूर्वीही म्हणत होते आणि आजही म्हणते.

दुसरं कार्ड वाचून बेथनी खूश झाली. म्हणाली, "पण खेळणारा विचार करत असतो तेव्हा पडद्यावर काय दिसतं?"

तेव्हा मी तिला ताटकळ समजावून सांगितली. आपल्या कंपनीबाहेर हा शब्द कुणाला ठाऊक असणार! राखणदार प्रश्न विचारतो, आणि खेळणाऱ्याला उत्तर सुचेपर्यंत पडदा गोठून चालत नाही. म्हणून आठ सेकंदांचा एक तुकडा घ्यायचा. माणूस नुसता उभा आहे, श्वास घेतोय, बघतोय. आठव्या सेकंदाला तो हुबेहूब पहिल्या सेकंदासारखा दिसला पाहिजे, म्हणजे तोच तुकडा परत परत लावता येतो आणि सांधा दिसत नाही. पुढची सगळी उत्तरं, सगळी मरणं त्या एकाच उभं राहण्यातून निघतात. बूट कुठं ठेवायचे त्याच्या खुणा जमिनीवर, मफलरच्या गाठीचा पोलरॉइड फोटो माझ्या गळ्यात. चेहरा मात्र फोटोवरून परत आणता येत नाही. म्हणून माझा नियम होता: चित्रीकरण चालू असताना नटाला कुणी काही सांगायचं नाही. फोन नाही, भांडण नाही, बातमी नाही. कुठलीही चिठ्ठी आली तरी ती आधी माझ्या, या लोरेटाच्या, हातात.

"फारच कडक होता तुम्ही," बेथनी म्हणाली.

"म्हणून तर सांधा दिसत नाही," मी म्हटलं. छाती काढून म्हटलं.

मग ती आपला खेळ सुरू करून बसली. जुना संगणक, जुनी सीडी, पडद्यावरच्या छोट्या चौकटीत मावेल एवढाच तुझा चेहरा, पण काय रुबाब! तू विचारलंस, "वादळात बोट आलीय. दिवा लावू की नको?" आणि तेवढ्यात बेथनीचा फोन वाजला. ती बाहेर गेली ती दहा मिनिटं आलीच नाही. मी खुर्चीत एकटी, आणि तू समोर उभा. कंदील उजव्या हातात.

त्या कंदिलाचं आठवतं ना? पहिल्या दिवशी घेतलेल्या ताटकळीत तो डाव्या हातात होता, आणि पुढचा महिनाभर सगळ्या उत्तरांत उजव्या. चित्रीकरण संपता संपता लक्षात आलं. दर वेळी तोंड उघडलं की कंदील टुणकन या हातातून त्या हातात! कपाळ माझं, एवढे पोलरॉइड काढून हे! सगळ्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली, आणि मी म्हटलं, गुरुवारी परत घेऊ. शुक्रवारी चित्रीकरणासाठी उभारलेली निळी भिंत पाडून भाड्याचं गोदाम रिकामं करून द्यायचं होतं, म्हणजे गुरुवार शेवटचा. सोळा जून.

तारीख तुला मी सांगायला नको.

बेथनी परत आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "अजून उभाच आहे बिचारा! काय विश्वासानं बघतो हो. कुणाकडे बघत होता तेव्हा?"

"कॅमेऱ्याकडे," मी म्हटलं.

खोटं बोलले. कॅमेऱ्याच्या काचेत बघितलं की तुझे डोळे दगड व्हायचे. म्हणून मी काचेला गाल चिकटवून उभी राहायचे आणि तू माझ्याकडे बघायचास. गेली पंचवीस वर्षं जे कुणी हा खेळ खेळले, त्यांना वाटलं राखणदार आपल्याकडे बघतोय. तू माझ्याकडे बघत होतास.

आता दुसरी बातमी. प्रदर्शनाला रोंडा येणार आहे. बेथनीनं तिला फ्रेझ्नोहून शोधून काढलं. आमच्या ऑफिसातली सगळी जुनी माणसं तिला हवी होती, आणि फोनवर बसणाऱ्या रोंडाशिवाय ऑफिस कसलं! गेल्या मंगळवारी रोंडानं मला फोन केला. पंचवीस वर्षांनी, आणि आवाज तसाच, फोन उचलल्यावर कंपनीचं नाव सांगेल की काय असं वाटलं मला. म्हणाली, "लोरेटा, वेन्डल येणार असेल तर मी येऊ का, हे विचारायला फोन नाही केला. मी येणारच. मला एकच ऐकायचंय. चिठ्ठी मी तुला दिली होती. तुला आठवतं की नाही?"

वेन, हे वाक्य वाचून तू कागद खाली ठेवशील. ठेव, पाणी पी, पण परत उचल.

मी म्हटलं, "आठवतं."

रेडिंगच्या हॉस्पिटलचा फोन रोंडानं अकरा वाजून दहा मिनिटांनी घेतला. डॅडचा श्वास अडकतोय, मुलांनी लगेच निघावं. तिनं ते लिहिलं, वेळ घातली, धावत गोदामात आली आणि माझ्या नियमाप्रमाणे चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी वाचली. तिला म्हटलं, "मी सांगते त्याला, तू जा." आणि चिठ्ठी पॅन्टच्या खिशात घातली. मग काचेला गाल लावला आणि तुला म्हटलं, "हं, वेन, माझ्याकडे बघ."

दीड वाजेपर्यंत आपण ती ताटकळ घेत होतो. एकोणीस वेळा. तुझा कंदील हलायचा, कधी पापणी, आणि मी म्हणायचे, अजून एकदा. एकोणिसावी अप्रतिम झाली. तीच सीडीवर आहे.

सव्वा अकराला निघालो असतो तर तीनला रेडिंगला पोचलो असतो. डॅड चार वीसला गेले. आपण साडेपाचला पोचलो. शेवटपर्यंत ते तुझं नाव घेत होते, असं नर्स म्हणाली होती. माझं नाही, तुझं. तेही मी तुला कधी सांगितलं नाही.

पावणेदोनला मी तुला म्हटलं होतं, "रोंडाला आत्ता आठवलं, सकाळी फोन आला होता म्हणे." ते वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि मग ते मागे घेतलंच नाही. अंत्यसंस्कारानंतर तू मला स्वयंपाकघरात गाठून विचारलंस, "लोरी, ती म्हणते तिनं चिठ्ठी तुला दिली. खरं सांग." मी भांडी पुसत होते. मी म्हटलं, "मला कुणी काही दिलं नाही." तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि सप्टेंबरात ठरलेलं तुमचं दोघांचं लग्न मोडलंस. रोंडाला तू काय काय बोललास ते मी दाराआडून ऐकलं. तरी आत आले नाही.

माझा नाइलाज होता, कंपनी बुडाली असती, असलं काही मी लिहिणार नाही. कंपनी तशीही दोन वर्षांत बुडाली. नाइलाज बिलकूल नव्हता. मला तो तुकडा हवा होता, म्हणून मी तुला जाऊ दिलं नाही. आणि नंतर मला तू हवा होतास, म्हणून रोंडाला जाऊ दिलं. मला याची लाज वाटते, वेन. दर वर्षी तू पाठवलेलं पार्सल उघडताना वाटते. जॅम गोड लागतो हे आणखी वाईट.

चिठ्ठी मी फेकली नव्हती. मफलरच्या पोलरॉइडमागे होती. सोबत पाठवतेय. रोंडाचं अक्षर तू ओळखशील; वेळ वर उजव्या कोपऱ्यात आहे. रोंडाचा नंबर मी मागच्या बाजूला लिहिलाय. तिला विचारून लिहिलाय. ती म्हणाली, "दे. पण त्याला म्हणावं, घाई करू नकोस. मी आता कुणाचीही वाट बघत बसलेली नाही." ती सुखात आहे, दोन नातवंडं आहेत. हे तुला तिच्याकडून कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तुझ्यापासून मी आणखी काही लपवणार नाही.

बेथनीला तिसरं कार्ड दिलं. तेच भिंतीवर लागणार आहे. "या खेळांत खरा माणूस तुमच्यासमोर उभा राहतो आणि तुम्ही ठरवेपर्यंत हलत नाही. तुम्ही काहीही निवडा, त्याचं उत्तर आधीच चित्रित झालेलं आहे." पन्नास शब्द पुरे भरले नाहीत म्हणून ती कुरकुरली. मी म्हटलं, जास्तीचं लिहायची मला सवय नाही.

राखणदाराची सगळी उत्तरं मी लिहिली होती. या पत्राला तू काय उत्तर देशील ते मला माहीत नाही, आणि अंदाज करायचा प्रयत्नही मी करत नाहीये. तू नऊ तारखेला ये, येऊ नकोस, आलास आणि फक्त रोंडाशी बोललास तरी चालेल. फोन करून शिव्या घातल्यास तरी मी फोन ठेवणार नाही. काहीच उत्तर दिलं नाहीस, तर ती ताटकळही मी उभी राहून सोसेन. या वेळी ती माझी.

अकरा दहाची चिठ्ठी आज तुझ्या हातात देणारी,
तुझी बहीण
लोरेटा