गॅरंटी मागू नये

३ मार्च
आले बाई एकदाची पुण्यात! इतके दिवस सौरभ इथे, मी मिरजेला. लग्नाला सहा महिने झाल्यावर संसार एका छताखाली आला. नोकरीही मनासारखी मिळाली, कसबा पेठेत सर्जेरावांच्या घड्याळाच्या दुकानात. लोक आजोबा-पणजोबांची मनगटी घड्याळं आणतात. कुठल्या सालचं, कुठलं मॉडेल, ते सांगायचं. डायलवर विसंबायचं नाही, डायल कोणीही बदलतं. झाकण उघडून मशीनवरचा नंबर बघायचा. दारावर पाटी आहे: 'घड्याळाचे वय सांगू. दुरुस्ती करू. गॅरंटी मागू नये.' पोट धरून हसले.

खणात आधीच्या कारागिराची, कै. धोंडिबांची, कोरायची सुई सापडली. काय टोक आहे! मिरजेच्या दुकानात आमच्या बाबांची पद्धत अशी की गॅरंटीची शेवटची तारीख झाकणाच्या आतून कोरायची. मुहूर्त सौरभच्या आजोबांच्या घड्याळाने केला. एचएमटी जनता निघालं, सत्तरच्या आसपासचं. सौरभ म्हणाला, जन्मभराची गॅरंटी दे. मी म्हटलं, घरच्या गिऱ्हाइकाला दहा दिवस पुष्कळ झाले. कोरलं, १३ मार्च. तेव्हापासून तो ते हातातून काढत नाही.

५ मार्च
विश्रांतवाडीचा पियुष आजोबांचं घड्याळ घेऊन आला. डायल पन्नास सालचं, मशीन त्याच्या वीस वर्षं पुढचं! त्याचा चेहरा पडला. जुने पार्ट, म्हणून तीनच दिवस दिले. त्याच सुईने कोरलं, ८ मार्च. येरवड्याच्या पूर्णिमाताईंचं नाजूक लेडीज घड्याळ, आत्याचं. ९ मार्च. दोघंही घड्याळं हातात घालूनच गेली.

९ मार्च
पियुषची आई आली होती. काल जेवता जेवता गेला. चौतीस वर्षांचा. त्यांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि हे बंद कसं करायचं, एवढंच विचारलं. ते अगदी बरोबर वेळ दाखवत होतं.

योगायोग, सौरभ म्हणतो. पूर्णिमाताईंना फोन लावतेय. उचलत नाहीत.

१० मार्च
त्यांच्या भावाने उचलला. काल संध्याकाळी गेल्या.

सर्जेरावांना सगळं सांगितलं. सुई बघितली आणि मग त्यांनीच सांगितलं. धोंडिबांनी त्या सुईने एकदाच तारीख कोरली होती, स्वतःच्या बायकोच्या घड्याळात. ती त्याच तारखेला गेली, मग पाटी त्यांनीच लावली. आणि सुई सर्जेरावांनी स्वतः त्यांच्या चितेवर ठेवली होती. मग हळूच म्हणाले, "पाटी वाचता येत नाही का हो तुम्हाला?"

सौरभला अजून सांगितलेलं नाही.

११ मार्च
सांगितलं. आधी हसला. मग घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. झाकण घासून घासून पातळ केलं, तारीख तशीच. पन्नास वर्षं पुढची— नाही, शंभर वर्षं पुढची तारीख कोरायला गेले. सुई घसरते. बाकी सगळ्या झाकणांवर चालते, याच्यावर नाही.

१२ मार्च
डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. घरी येऊन त्याच्या रिकाम्या मनगटाला कान लावला.
टिकटिक.
नाडी नव्हे. मी घड्याळवाल्याची मुलगी आहे, मला फरक कळतो.

१३ मार्च, सकाळ
दोघंही घरीच. चहा केला. त्याला गार वाटतंय—

दुपार
त्याचं मनगट माझ्या कानाशी. दुसऱ्या हाताने लिहितेय. चालू आहे. चालू आहे.
दहाच का म्हणाले मी? वीस म्हणाले असते, पन्नास वर्षं— गंमत केली रे, सौरभ, नुसती गंमत—
मधे एक ठोका गेला.
आला.
अडखळतंय. सौरभ, बोल ना काहीतरी—
थांबलं.
टेबलावरचं मात्र चालू—